जुनी हॅचबॅक: साधं पेट्रोल, टर्बो की डिझेल?

जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: मायलेज किती? त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. रोजच्या फेरीत इंजिन नीट तापेल का? टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे फक्त कूलंट तापलं. ऑईल तापायला आणखी वेळ लागतो, सगळं मिळून साधारण १०-१५ मिनिटं. रोजचं जाणं-येणं ३-४ किलोमीटरचं असेल, तर इंजिन कायम अर्धवट थंडच चालणार. ते सगळ्यात मुकाट सोसतं ते टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेलं साधं पेट्रोल.

पोर्ट इंजेक्शनचं १.२ लिटरचं असं इंजिन पिकअपला बेताचंच. गाडी भरलेली, एसी चालू आणि समोर चढ, म्हणजे गिअर खाली आणावाच लागतो. पण टर्बो नाही, त्याची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही, हाय प्रेशर पंप नाही. बिघडायलाच कमी गोष्टी. शिवाय पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, त्यामुळे ते आपोआप धुतले जातात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं आणि व्हॉल्व्हवर कार्बनची पुटं चढत राहतात. मग थंड इंजिन अडखळतं, आयडलिंग हलतं.

१.० लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो चालवायला मजा देतं, हे खरंच. पण छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, तेही ऑईलच्या पातळ थरावर. म्हणून इथे किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ऑईल बदलल्याची बिलं महत्त्वाची. बिलं नसतील तर टर्बोच्या वाटेला जाऊ नये. इंजिन गरम झाल्यावर दोन मिनिटं आयडलिंगवर ठेवा आणि मग रेस करा. निळसर धूर आला तर टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्ह सील गेलंय. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा पाइप सोडून बघता आला तर उत्तम: आत तेलकट ओल चालते, साचलेलं ऑईल नको.

काही छोट्या पेट्रोल इंजिनांत टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळवणारा पट्टा) ऑईलमध्येच फिरतो. चुकीच्या ग्रेडचं ऑईल पडलं किंवा बदल लांबला की रबर सुटतं, त्याचे कण ऑईल पंपाच्या जाळीत अडकतात आणि प्रेशर पडतं. बेल्ट कधी बदलला याचा कागद मागाच. बेल्टऐवजी चेन असेल तर थंड स्टार्टला कान द्या. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड म्हणजे चेन सैल किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर दमलेला.

डिझेल घ्यावं ते हायवेवर लांब पल्ला असणाऱ्यानेच. नव्या पिढीच्या डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जळते आणि त्यासाठी १५-२० मिनिटं सलग वेगात चालवावं लागतं. गावातल्या गावात फिरलात तर हे काम अर्धवट सुटतं, काजळी जाळण्यासाठी जास्तीचं फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये झिरपतं. डिपस्टिक काढा: ऑईल वरच्या खुणेच्याही वर आणि डिझेलचा वास, म्हणजे ही गाडी शहरातच घासलेली आहे. थंड सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफवाल्या गाडीत बोट जेमतेम मळतं. काजळी जाड लागली तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी पोकळ केलाय. इंजिन बंद करताना खडाड् असा धक्का बसला तर ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचजवळचं, इंजिनाचे झटके शोषणारं दोन भागांचं चाक) संशयित. ते बदलताना गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे लगे हाथ क्लचही बदलतात आणि बिल चांगलंच फुगतं.

कुठलंही इंजिन असो, गाडी थंडच बघा. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विक्रेत्याने आधीच चालू करून ठेवलीय. इंजिन थंड होईपर्यंत थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. शेवटी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावा. एरर कोड एकही नाही, पण रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते सांगणारे) 'अपूर्ण' दाखवतायत? मग कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. काही दिवस गाडी चालू द्या, पुन्हा स्कॅन करा आणि तोवर टोकन देऊ नका.