निवेदन द्यायचंय? आधी आवक-जावकच्या टेबलाचं ऐका

मी जिल्हा परिषदेत नोकरी केली आणि तिचा बराचसा काळ आवक-जावकच्या टेबलावर गेला. तुम्ही घोषणा देत, फोटो काढत साहेबांच्या हातात जे निवेदन देता, ते संध्याकाळी माझ्यासमोर यायचं. शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, कुठल्या विभागाचं ते बघायचं आणि पुढे पाठवायचं. आता निवृत्त झाल्यावर आसपासच्या गावांतली मंडळी निवेदन लिहून घ्यायला घरी येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

पहिला प्रश्न: कोणाच्या नावाने? बहुतेकांना 'मा. मुख्यमंत्री, मंत्रालय, मुंबई' असं लिहिल्याशिवाय समाधान नसतं. लिहा, पण त्या कागदाचं पुढे काय होतं ते ऐकून घ्या. तो मंत्रालयातून विभागाकडे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून कार्यकारी अभियंत्याकडे आणि शेवटी तालुक्याच्या उपअभियंत्याकडे उतरतो. प्रत्येक पायरीवर एक पत्र जोडलं जातं: 'नियमानुसार उचित कार्यवाही करावी व अर्जदारास परस्पर कळवावे.' म्हणजे काही महिने फिरून कागद त्याच माणसापाशी येतो, ज्याला तुम्ही बाजाराच्या दिवशी जाऊन भेटू शकला असता. म्हणून मूळ निवेदन ज्याच्या सहीने काम होऊ शकतं त्याच्याच नावाने करा. बाकी सगळे 'प्रत माहितीस्तव'मध्ये.

तो माणूस शोधायला थोडी मेहनत लागते. रस्त्याचंच घ्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग आणखी तिसऱ्याकडे. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा: पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा रस्ता असेल तर सुरुवातीचा फलक वाचा. त्या कामाच्या करारातच पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडे असते. रस्ता तिसऱ्या वर्षी उखडला असेल तर नवीन निधी मागू नका, करारातली दुरुस्ती मागा. दवाखान्याचंही तसंच. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसेल तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालयात नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सक. या दोघांची कार्यालयं वेगळी, आणि एकाचा कागद दुसऱ्याकडे गेला की परत यायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एका निवेदनात एकच मागणी. रस्ता, पाणी, स्मशानभूमीची शेड, तलाठी येत नाही आणि बिबट्याचा बंदोबस्त हे सगळं एका कागदावर आलं की मी काय करायचो? पहिल्या मागणीचा विभाग बघायचो आणि तिकडे पाठवायचो. बाकीच्या चार मागण्या तिथेच फाइलला लागायच्या. पाच मागण्या असतील तर पाच कागद करा.

नमुना म्हणून एक लिहून दाखवतो. समजा शाळा सुटायच्या आधीच परतीची एसटी निघून जाते. तर:

'प्रति, आगार व्यवस्थापक, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, (आगार). विषय: (अमुक ते तमुक) मार्गावरील सायंकाळी ४.४० ची फेरी ५.३० वाजता सोडणेबाबत. महोदय, आमच्या गावातील इयत्ता आठवी ते बारावीचे ६४ विद्यार्थी, त्यांपैकी ३८ मुली, (तमुक) येथील विद्यालयात जातात. विद्यालय ५.०० वाजता सुटते. परतीची फेरी ४.४० वाजता सुटते व त्यानंतरची फेरी ७.१५ वाजता आहे. तरी ४.४० ची फेरी ५.३० वाजता सोडण्यात यावी, ही विनंती. तसे करणे शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे. सोबत: मुख्याध्यापकांचे पत्र, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, सह्यांची पाने १ ते ७. प्रत माहितीस्तव सविनय सादर: विभाग नियंत्रक.'

संपलं. एका पानात मावलं पाहिजे. 'स्वातंत्र्याला इतकी वर्षे होऊनही' वगैरे गाळा. साहेब ते वाचत नाहीत, खालचा लिपिक तर नाहीच. आकडे मात्र खरे हवेत, कारण आगारातून कोणी शाळेत फोन केला आणि ६४ ऐवजी ४० निघाले तर बाकीचंही खोटं धरलं जातं. विद्यार्थ्यांची नावं जोडू नका, संख्या पुरते. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत असतो, तेव्हा पासधारक मुली किती हा आकडा आगाराकडेच असतो. तोही तपासून लिहिला तर उत्तम.

'कारण लेखी कळवावे' हे वाक्य मी कोणालाही गाळू देत नाही. तोंडी आश्वासन हवेत विरतं. लेखी नकारात मात्र कारण असतं, आणि कारण असलं की वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं.

आता सह्या. याचा आपल्याकडे जुना इतिहास आहे. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासद व्हायला किमान ५० जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. कोणाच्या वतीने बोलतोस ते आधी दाखव, असा सरळ हिशेब. आपण तेवढं तरी पाळू. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी पूर्ण छापलेली हवी. कोऱ्या तक्त्यावर सह्या घेऊन मागून निवेदन जोडायचं, ही सवय मोडा. उद्या कोणी 'मी भलत्याच कागदावर सही केली होती' म्हणालं तर सगळीच पानं संशयात जातात. रकाने चारच: अनुक्रमांक, पूर्ण नाव, गाव किंवा वाडी, सही. आधार क्रमांक अजिबात घेऊ नका. मोबाइल नंबर पहिल्या दोन-तीन अर्जदारांचे पुरेत. ही पानं दहा टेबलांवरून जाणार असतात. सही न येणाऱ्यांचं नाव लिहून 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' लिहा, आणि ज्याने नाव लिहिलं त्याने शेजारी स्वतःची सही करावी. एकाच हस्ताक्षरात पंधरा सह्या टेबलावरच्या माणसाला लांबूनही ओळखू येतात.

खरं सांगायचं तर सह्या चाळीस आहेत की चारशे, याने सरकारी कागदाला फारसा फरक पडत नाही. ब्रिटनच्या संसदेच्या संकेतस्थळावर एक लाख सह्या झाल्या की ती मागणी चर्चेसाठी विचारात घेतली जाते. आपल्याकडे तसा नियम नाही, म्हणून चेंज डॉट ऑर्गसारख्या ऑनलाइन सह्यांच्या संकेतस्थळावरच्या याचिकेने बातमी होऊ शकते, पण आवक क्रमांक मिळत नाही. गावाच्या मागणीला वजन येतं ते ग्रामसभेच्या ठरावाने. आणि वेळही बघा. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेतो. त्यात तुमचं काम शिरलं तर ठीक. फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी खर्ची टाकायची घाई असते, नवं काम ऐकायला कोणी मोकळं नसतं. आचारसंहितेत तर सोडूनच द्या.

सह्यांच्या आकड्याला कायद्याने किंमत आहे अशी एक जागा मात्र आहे: गावातलं परवानाधारक दारूचं दुकान. २५ मार्च २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी) सह्यांचं निवेदन दिलं की राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या सह्यांची पडताळणी करतो आणि मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. इथे बायांना मी तीन गोष्टी बजावतो. सह्या घेताना मतदार यादी समोर ठेवा, यादीतला अनुक्रमांक लिहा, आणि यादीत नाव जसं छापलंय तसंच लिहा. यादीत माहेरचं आणि सहीत सासरचं, अशा सह्या पडताळणीत उडतात. २५ टक्के लागतात म्हणून २५वर थांबू नका. परगावी गेलेल्या, पडताळणीला न येणाऱ्या धरून बऱ्याच जास्त घ्या. आणि सगळ्यात मोठी मेख पुढे आहे. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या नव्हे. ४०० महिला मतदार असतील आणि २२० जणी आल्या, त्यांतल्या १९० जणींनी आडवी केली, तरी दुकान चालूच राहतं. लागतात २०१. म्हणून सह्यांच्या दिवसापेक्षा मतदानाच्या दिवशी घरोघर फिरायला माणसं जास्त ठेवा. पुण्या-मुंबईला गेलेल्या सुनांना त्या दिवशी गावात आणायचं नियोजन महिनाभर आधी करा. दुकानदारही गप्प बसलेला नसतो, हे वेगळं सांगायला नको.

निवेदन द्यायला जाताना गर्दी किती न्यायची? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला मनाई करणारे आदेश जिल्ह्यात वरचेवर निघतात. मोर्चा काढायचा असेल तर आधी पोलीस ठाण्यात अर्ज करा. नुसतं निवेदन द्यायचं असेल तर चार जण पुरे, त्यातली एक तरी बाई असावी. साहेबांबरोबर फोटो काढा, हरकत नाही. पण फोटोनंतर खाली आवक-जावकला या आणि दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन जा. हीच पोहोच. साहेबांनी हातात घेतलेला कागद माझ्यापर्यंत आलाच नाही, असंही घडलेलं पाहिलंय. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा (२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट त्यातच विलीन झालंय) आणि पावती जपा.

लोकशाही दिनाला सामूहिक निवेदन घेऊन जाऊ नका. तिथे वैयक्तिक स्वरूपाची तक्रार लागते, तीही विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी दिलेली. सगळ्या गावाची मागणी तिथे परत फिरते आणि माणसं चिडून घरी जातात.

आवक क्रमांक पडला की कागद संबंधित लिपिकाच्या कार्यविवरण नोंदवहीत चढतो आणि निकाली निघेपर्यंत प्रलंबितांत दिसतो. २००५ चा तो बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा आहे ना, त्याच्या कलम १० प्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. दुसऱ्या विभागाला विचारायचं नसेल तर ४५ दिवसांत आणि विचारायचं असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. होतं का तसं? क्वचित. पण स्मरणपत्रात हे कलम लिहिलं की पत्र वाचलं जातं. महिन्याने पहिलं स्मरणपत्र द्या, त्यात जुना आवक क्रमांक आणि तारीख हवीच.

तरीही शांतता असेल तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'रस्ता का झाला नाही' असं विचारू नका, 'का'ला उत्तर मिळत नाही. असं लिहा: 'आवक क्रमांक अमुक, दिनांक तमुक या निवेदनावर आजपर्यंत झालेल्या टिपणीच्या व पत्रव्यवहाराच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.' ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. त्याहून सोपा एक मार्ग लोक वापरतच नाहीत. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइल प्रत्यक्ष पाहता येते. जा आणि टिपणी वाचा. कागद कोणाच्या टेबलावर, कुठल्या तारखेपासून आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

प्रश्न देशपातळीवरचा असेल तरी भाषेची भीती नको. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडताना केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत लिहिता येतं. दिल्लीला मराठीत लिहा, सोबत हिंदी किंवा इंग्रजी गोषवारा जोडला तर काम लवकर सरकेल एवढंच. आणि धोरणच बदलायचं असेल, तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत याचिका समिती आहे, आपल्या विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे. त्यांचा नमुना ठरलेला असतो आणि सदस्यामार्फत अर्ज मांडायचा तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते, म्हणून आमदार-खासदाराकडे 'पाठिंब्याचं पत्र द्या' असं न म्हणता 'या अर्जावर प्रतिस्वाक्षरी करा' असं मागा. हा मार्ग संथ आहे, पण पोकळ नाही. माजी सैनिकांच्या 'समान पद, समान निवृत्तिवेतन' या मागणीवरची याचिका राज्यसभेच्या समितीपुढे गेली होती. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, पुढे आपले राज्यपाल झाले तेच. समितीने डिसेंबर २०११ मध्ये मागणीच्या बाजूने अहवाल दिला. अंमलबजावणीचा आदेश निघाला नोव्हेंबर २०१५ मध्ये.

एवढा काळ कागद सांभाळायचे तर ते एकाच माणसाच्या घरात नकोत. पोहोच, स्मरणपत्रं, उत्तरं यांचे दोन संच करा, एक शाळेत किंवा वाचनालयात ठेवा, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकताना आवक क्रमांक फोटोखाली टाइप करा, म्हणजे पुढच्या वर्षी शोधला की सापडेल.