मागच्या खोलीत वायफाय न्यायचंय? आधी चर खणा

बडोद्यात दांडिया बाजाराच्या आसपासच्या जुन्या घरांची मांडणी साधारण सारखीच. पुढे राहतं घर, मध्ये अंगण आणि मागे एखादी सुटी खोली. कुणाकडे ती भाडेकरूची, कुणाकडे अडगळीची. आमच्याकडे तिथे माझं ऑफिस आहे. जीएसटीचं काम करते. वीस तारखेला ३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरताना नेट गेलं तर काय होतं ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगते: वेगळ्या बांधलेल्या खोलीत वायफाय हवं असेल तर हवेच्या भरवशावर राहू नका, तार न्या.

दुकानात गेलात की पहिल्यांदा रिपीटर हातात ठेवतील. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय लोक तो मागच्या खोलीतच लावतात, जिथे मुळात सिग्नल पोचत नाही. मग मोबाइलवर दांड्या पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. दीड फुटी विटा-चुन्याची भिंत, पुढे अंगण, परत भिंत आणि डोक्यावर पत्रे, यातून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळपास जातच नाही; २.४चा लंगडत पोचतो. खात्री करायची तर मोबाइलवर वायफाय मोजणारं एखादं मोफत ॲप टाका आणि टेबलाशी बसून सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये) बघा. उणे ६५च्या आसपास असेल तर काही करूच नका, चहा प्या. उणे ७५च्या खाली गेला की व्हिडिओ कॉल अडखळणार. विजेच्या वायरीतून नेट नेणारे अडॅप्टरही मिळतात. पण मागच्या खोलीचा मीटर वेगळा असेल, आणि भाडेकरूच्या खोल्यांना तो असतोच, तर त्यांच्या नादी लागू नका.

तर तार, म्हणजे नेटची इथरनेट केबल. राउटरपासून टेबलापर्यंत सुतळीने मोजा. भिंतीवरून चढउतार, कोपरे सगळे धरा आणि वर दोन-तीन मीटर जास्त घ्या. या तारेची मर्यादा १०० मीटर आहे, घरगुती अंगणात ती कधी आड येत नाही. कॅट-६ प्रकारची मागा, बाहेर वापरायची, काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची. घरातली राखाडी पीव्हीसीवाली उन्हाने तडकते. आणि तांबं अस्सल आहे का ते तिथेच बघा: टोकाची एक बारीक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरट चमकलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. स्वस्त पडतं, पण वाकवताना तुटतं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी खरवडाच.

तार वरून, अगाशीवरून ओढून टाकू असं वायरमन हमखास म्हणतो. बडोद्यात राहून हा सल्ला देणाऱ्याने १४ आणि १५ जानेवारी आठवावेत. उत्तरायणात त्या तारेत पतंग अडकणार, मग शेजारची पोरं मांजा ओढणार. उरलेलं वर्ष माकडं आहेतच. म्हणून जमिनीखालून.

अंगणात फूट-दीड फूट खोल चर खणून २५ मिलिमीटरचा पाइप टाका. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो नको, लांब बेंड घ्या, नाहीतर तार अडते. लाइटची वायर या पाइपात घालायची नाही. तिचा पाइप वेगळा आणि फूटभर लांब, एकमेकांना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. कडिया (गवंडी) माती लोटायच्या आत तार ओवून घ्या. त्यासाठी नायलॉनच्या दोरीला प्लॅस्टिकच्या पिशवीचा बोळा बांधा, पाइपाच्या एका तोंडात ठेवा आणि दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर लावा. बोळा दोरीसकट सुर्रकन बाहेर येतो, बघायला मजा येते. तारेबरोबर आणखी एक दोरी ओढून पाइपातच राहू द्या, पुढे कधी लागली तर. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही.

तारेच्या टोकांचे प्लग (आरजे-४५) तार ओवल्यावरच बसवायचे. क्लिप खाली, सोन्याच्या पट्ट्या आपल्याकडे, डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

एक अपवाद. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर तांब्याऐवजी फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची तार टाका. दोन्हीकडे एकेक मीडिया कन्व्हर्टर (तांब्यातला सिग्नल प्रकाशात आणि परत बदलणारा डबा) लागतो. काचेतून वीज जात नाही, त्यामुळे पहिल्या वळवाच्या कडकडाटात एकीकडचा झटका दुसरीकडे येत नाही. तयार प्लगवाली फायबर घेतलीत तर पाइप ते डोकं जाईल एवढा रुंद घ्या. भाड्याच्या घरात खणता येत नसेल तर छपरावर समोरासमोर लावायची ५ गिगाहर्ट्झची बाहेरची जोडी मिळते. मध्ये आंब्याचं झाड नको, पानं सिग्नल खातात.

मागच्या खोलीत घरातला जुना राउटर चालतो. आधी कॉम्प्युटरला जोडून त्याचा पत्ता बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा. पत्ते वाटणारे दोघे झाले की कुणाला काय मिळेल सांगता येत नाही. घरातून आलेली तार याच्या वॅन नव्हे, लॅन पोर्टात. नाव आणि पासवर्ड घरचाच ठेवा, चॅनल मात्र वेगळा: २.४ वर घरी १ असेल तर इथे ६ किंवा ११. राउटर खिडकीच्या वरच्या पातळीला टांगा. विश्वामित्री नदीच्या पुराने २०१९ आणि २०२४ साली काय केलं ते सखल भागातल्यांना सांगायला नको. दोन्ही टोकं इन्व्हर्टरवर घ्या, एकच घेऊन उपयोग नाही.

शेवटी लॅपटॉप तारेने जोडून वेग तपासा. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा आहे आणि आकडा ९४च्या आसपासच अडकतो, असं झालं तर कंपनीला फोन करू नका. गिगाबिटला (हजार एमबीपीएसला) तारेतल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएस दोनांवर चालतं. म्हणजे एखादी जोडी नीट बसलेली नाही, किंवा जुन्या राउटरचा पोर्टच १०० चा आहे. आधी प्लग कापून पुन्हा बसवा. प्लग दहा-पंधरा रुपयांचा, राउटर हजार-दीड हजाराचा.