ई-कचऱ्याच्या रविवारची तयारी

दसऱ्याच्या आधी घराघरांतले माळे उतरायला लागतात. पितळेच्या डब्यांबरोबर बंद मोबाईल, चार्जरांची गुंतवळ, काळा पडलेला मिक्सर, कोणाचा तरी वीस वर्षांपूर्वीचा मॉनिटर असं सगळं खाली येतं. खंडेनवमीला ज्या यंत्रांना फुलं वाहिली, त्यातली निम्मी दिवाळीपर्यंत जिन्याखाली जाऊन पडतात. म्हणून आमच्या पुण्यातल्या सोसायटीत ई-कचऱ्याचा दिवस दसरा आणि दिवाळीच्या मधल्या रविवारी असतो. पावसाळ्यात मात्र ठेवू नका. ओल्या खोक्याचा तळ सुटतो आणि काचेचा माल थेट जिन्यात फुटतो.

तयारी महिनाभर आधी सुरू होते, आणि तिची सुरुवात नोटिशीने करायची नाही. आधी माल कुठे जाणार ते पक्कं करायचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलर सापडतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतूनही जवळचे शोधता येतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांत रिसायकलरला नोंदणीशिवाय काम करता येत नाही, त्यामुळे नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. फोनवर मी चार प्रश्न विचारते. मंडळाची संमती कधीपर्यंतची आहे? तुम्ही स्वतः रिसायकलर की गोळा करणारे? गोळा करणारे असाल तर कोणासाठी, आणि त्यांचं पत्र आहे का? आणि काय घेत नाही? हा शेवटचा प्रश्न राहून गेला तर रविवारी संध्याकाळी ट्यूबलाइटी, प्रिंटरचे टोनर आणि बॅटरी तुमच्याच गेटपाशी उरतात. किलोचा भाव किती मिळेल, हे कमिटीत कोणीतरी सगळ्यात आधी विचारतंच. त्यांना शांतपणे सांगा की वायर जाळून तांबं काढणारा नेहमीच जास्त भाव देईल, कारण त्याला धुराचा खर्च नाही.

तो धूर कुठे जातो हे मला माहीत आहे, म्हणून मी यात पडले. वायरीवरचं प्लास्टिक जळताना डायऑक्सिन हे विषारी रसायन तयार होतं. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये सर्किट बोर्ड हातांनी फोडतात, धातू सुटे करायला आम्ल वापरतात. मुरादाबादला रामगंगेच्या काठी सर्किट बोर्ड जाळून राख नदीत धुतली गेली आहे. चीनमधल्या ग्वीयू गावात हेच काम घराघरांत चालायचं, आणि तिथल्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण वाढलेलं सापडलं. 2022 मध्ये जगात सुमारे 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, त्यातला जवळपास निम्मा आशियात. नीट नोंद होऊन योग्य रीतीने गोळा आणि पुनर्चक्रित झाला तो जगभरात जेमतेम 22 टक्के. आपल्या जिन्याखालचा मॉनिटर उरलेल्या 78 टक्क्यांत जाऊ नये, एवढ्यासाठी ही खटपट.

रिसायकलर ठरला की त्याच आठवड्यात रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंशी बोला. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे, आणि स्वच्छ सहकारी संस्थेचे सदस्य घरोघरी कचरा घेतात. चार्जर आणि वायर ही त्यांची कमाई असते. ती आपण एका नोटिशीने काढून घ्यायची आणि वर पर्यावरणाच्या गोष्टी सांगायच्या, हे मला पटत नाही. आम्ही त्या दिवसाच्या कामासाठी त्यांना रोजंदारी देतो, हातमोजे देतो, आणि माळ्यावरून निघालेली रद्दी, पत्रा, बाटल्या सगळं त्यांचंच. वजन आणि वर्गवारी त्यांच्याइतकी चोख कोणाला जमत नाही.

पंधरा दिवस आधी नोटीस लावा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, आणि त्यात एक ओळ ठळक लिहा: काहीही उघडू नका, तोडू नका, आहे तसं आणा. मायक्रोवेव्ह बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. फ्रिज किंवा एसीची नळी कापली तर आतला वायू मोकळा होतो. जुन्या एसीतला आर-22 ओझोनच्या थराला मारक, नव्या फ्रिजमधला आर-600ए पेट घेणारा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं आणि आत निर्वात पोकळी. तिची मागची मान फार नाजूक, म्हणून उचलताना काच छातीशी, मान बाहेर.

मोबाईल आणि लॅपटॉपवाल्यांना मात्र घरी करायचं काम आहे. सिम आणि मेमरी कार्ड काढा. आधी गूगल किंवा आयक्लाउड खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट. उलट केलंत तर फोन कुलूपबंद होऊ शकतो आणि दुरुस्त करून वापरता आला असता तोही भंगारात जातो. हार्ड डिस्कवरच्या फाइली नुसत्या डिलीट करून भागत नाही. पूर्ण डिस्कवर नव्याने लिहिणारं सॉफ्टवेअर चालवा. चालू स्थितीतल्या वस्तूंसाठी वेगळं टेबल ठेवा. गेल्या वर्षी त्या टेबलावरून चार फोन शेजारच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत गेले.

आता बॅटरी. सगळ्यात जास्त काळजी इथेच लागते. पत्र्याची बादली अर्धी कोरड्या वाळूने भरून वॉचमनच्या केबिनबाहेर, सावलीत, पार्किंगपासून लांब ठेवा. आमच्याकडे एका आजोबांनी औषधांच्या कपाटात ठेवलेला फोन आणला होता. मागचं झाकण उचललं गेलेलं, आतली बॅटरी पापडासारखी फुगलेली. ते अंगठ्याने दाबून दाखवत होते. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. तशीच वाळूत ठेवायची. बाकीच्या सुट्या बॅटरींच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे एकमेकींना लागून ठिणगी पडत नाही. पेन्सिल सेल वेगळ्या डब्यात. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच ठेवा, आतलं आम्ल गटारात ओतू देऊ नका. ती विक्रेत्याकडे बदलीत परत देणं सगळ्यात सोपं.

ट्यूबलाइट आणि सीएफएल यांच्यात पारा असतो, प्रत्येकीत काही मिलिग्रॅमच, पण तो वाफ होऊन श्वासात जातो. पहिल्या वर्षी आम्ही त्या गोणीत भरल्या. टेम्पोत चढवताना अकरा फुटल्या आणि गोणी झटकणाऱ्या मुलाने तोंडाला काहीच बांधलेलं नव्हतं. त्याचं नंतर काही बिघडलं नाही, पण ती गोणी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून नव्या ट्यूबचे पुठ्ठ्याचे खोके आम्ही वर्षभर इलेक्ट्रिशियनकडून जमवतो आणि जुन्या त्यातच उभ्या ठेवतो. घरात फुटली तर खिडकी उघडा, पंखा बंद करा, सगळ्यांना दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा. मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला, झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच. दोन्हींनी पारा पसरतो.

रंगाचे डबे, झुरळांच्या औषधाच्या बाटल्या, मुदत संपलेल्या गोळ्या हेही लोक आणतातच. हा घरगुती घातक कचरा, ई-कचऱ्याच्या टेम्पोत जात नाही. महापालिकेच्या आरोग्य कोठीत, म्हणजे भागातल्या सफाई कार्यालयात, आधी विचारून ठेवा की तो कोणत्या दिवशी वेगळा घेतात. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट, वर मोठ्या अक्षरांत 'सुया'.

आदल्या संध्याकाळी वजनकाटा, वही, मार्कर, हातमोजे, मास्क, ताडपत्री आणि पिण्याचं पाणी एका जागी आणून ठेवा. अग्निशामक सिलिंडरची तारीख तपासा. लहान मुलांना मदतीला घ्या, पण वहीपाशी. टोनर आणि बॅटरीच्या टेबलाजवळ नको.

रविवारी नऊ ते बारा पुरतात. प्रत्येक वस्तू वहीत: फ्लॅट, काय, किती किलो. बंद टेम्पोच बोलवा, त्याच्या नंबराचा फोटो काढा, आणि पावतीवर रिसायकलरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि वजन असल्याशिवाय गेट उघडू नका. वहीतली बेरीज आणि पावतीचं वजन जुळलं पाहिजे. पुढे महिन्याभरात रिसायकलिंगचं प्रमाणपत्र मागायचं. दोनदा फोन करावा लागतो, करा. आलं की वजनासकट नोटीस बोर्डावर लावा.

वाळूची बादली मात्र उचलू नका. फुगलेली बॅटरी दसऱ्याची वाट बघत नाही. रात्रपाळीच्या वॉचमनदादांनाही ती कशासाठी आहे ते समजावून सांगा, कारण रात्री अकराला फोन हातात धरून कोणीतरी खाली येतं तेव्हा गेटवर तेच असतात.