केल्पच्या गोळ्यांचा डबा आधी पालथा करून वाचा

मागच्या महिन्यात सांगलीहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, केस फार गळतायत म्हणून केल्पच्या गोळ्या मागवल्यात. तुम्ही तिकडे समुद्रशेवाळ खाताच ना? मग सुरू करू?" मी अकरा वर्षं योकोहामात राहते आणि आमच्या स्वयंपाकात शेवाळ असतंच. तरी म्हटलं, थांब, डबा पालथा कर आणि मागे काय लिहिलंय ते वाच.

'केल्प 500 मिग्रॅ' एवढंच होतं. हे झालं केल्प या समुद्रशेवाळाच्या भुकटीचं वजन. त्यात आयोडीन किती मायक्रोग्रॅम, याचा पत्ता नाही. हा आकडा नसेल तर गोळी घ्यायची नाही, हे मी तिला सांगितलं आणि तुम्हालाही सांगते.

मला हे अंगावर आल्यावर कळलं. मला हाशिमोतो आहे, म्हणजे थायरॉईडचा तोच आजार जो 1912 मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवला. इथे आल्यावर शेजारच्या आजींनी मला दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं चवीचं पाणी, शिकवली: लीटरभर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बू (सुकं समुद्रशेवाळ) रात्रभर भिजत घालायचा. चव इतकी आवडली की मी वरण, आमटी, सगळं त्याच पाण्यात करायला लागले. चार महिन्यांनी टीएसएच (रक्तातला थायरॉईडचा आकडा, थायरॉईड मंदावली की तो वाढतो) 4 वरून 19 वर गेलं होतं. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "रोज कोम्बू खाता का?" कोम्बू थांबवला आणि थायरॉईडच्या गोळीचा डोस न वाढवता दोन-अडीच महिन्यांत आकडा खाली आला.

थोडा हिशेब करा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. भाजलेल्या नोरीत (सुशीला गुंडाळतात तो काळा कागद) ग्रॅमला वीसेक मायक्रोग्रॅम असतं. अख्खा कागद तीन ग्रॅमचा, म्हणजे साठेक. सुक्या वाकामेत (हेही एक समुद्रशेवाळ) ग्रॅमला शंभराच्या आसपास. आणि कोम्बूत, जो केल्पच आहे, ग्रॅमला दोन हजारही असू शकतं. त्यातही जात आणि समुद्र बदलला की आकडा बदलतो. कोम्बू उकळून ते पाणी ओतून दिलं तर बरंचसं आयोडीन निघून जातं. मी मात्र नेमकं ते पाणीच पीत होते.

भारतात आयोडीनयुक्त मीठ घरात पोचताना त्यात किमान 15 पीपीएम, म्हणजे ग्रॅमला 15 मायक्रोग्रॅम, आयोडीन असावं असा नियम आहे. 10 ग्रॅम मीठ म्हणजे 150 मायक्रोग्रॅम. शिजवताना थोडं उडतं, पण असं मीठ रोज खाणाऱ्याला आयोडीनसाठी वेगळी गोळी सहसा लागत नाही. सैंधवावर गेला असाल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही केल्प नको. साधं आयोडीनचं मीठ परत आणा. युरोपात आयोडीनची दिवसाची वरची मर्यादा 600 मायक्रोग्रॅम मानतात, अमेरिकेत 1100, जपानमध्ये 3000. आपल्या लोकांनी 600 धरून चालावं असं माझं मत. जास्त आयोडीन आलं की थायरॉईड कधी काम थांबवते, कधी उलट सुसाट सुटते. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियात कोम्बू घातलेलं सोयादूध पिऊन लोक असे आजारी पडले आणि ते दूध बाजारातून परत घ्यावं लागलं.

थायरॉईडची गोळी चालू असेल, दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय केल्प नको. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनीही सांभाळा, शेवाळात के जीवनसत्त्व असतं. किडनीचा त्रास असेल तर त्यातलं पोटॅशियम जड जातं. आधीच सुरू केलं असेल तर घाबरू नका: बंद करा, डॉक्टरांना डबा दाखवा आणि सहा आठवड्यांनी टीएसएच तपासा.

शाकाहारी मैत्रिणी बी12 साठी नोरी खाऊ का विचारतात. थोडं असतं, पण त्यावर विसंबू नका. रक्त तपासून बी12 ची गोळीच घ्या. स्पिरुलिना तर समुद्रशेवाळच नव्हे, आणि त्यातलं बहुतेक 'बी12' शरीराला उपयोगी पडत नाही.

हिजिकी, म्हणजे काळे बारीक तुकडे, मी घरात आणत नाही. त्यात घातक आर्सेनिक जास्त असतं. इथले लोक भिजवून, उकळून, पाणी फेकून खातात. ब्रिटनची अन्नसंस्था तर खाऊच नका म्हणते. आपल्या किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळही खायला उचलू नका, ते सांडपाण्यातले जड धातू शोषून घेतं.

चायना ग्रासची मात्र उगाच धास्ती घेतात. तेही लाल समुद्रशेवाळापासूनच बनतं, पण त्यात आयोडीन नगण्य. थायरॉईड असलं तरी खरवसासारख्या वड्या खुशाल करा.

मग खायचं कसं? वाकामे चिमूटभरच भिजवा, ते दहापट फुगतं. काकडीच्या कोशिंबिरीत छान लागतं. नणंदेला मी गोळ्या बाजूला ठेवायला लावल्या, केसांसाठी हिमोग्लोबिन आणि टीएसएच तपासायला सांगितलं, आणि कुरियरने नोरी पाठवली. अर्धा कागद तव्यावर क्षणभर शेकायचा, हाताने चुरायचा आणि गरम मेतकूट-भातावर तुपासोबत घालायचा. आठवड्यातून दोनदा, एवढंच.