बंदरावरचा लिलाव मानवशास्त्राच्या नजरेने कसा पाहावा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैच्या किनाऱ्यावर मासळी उतरली की वाळूवर ढीग पडतात, भोवती माणसं जमतात आणि बोली सुरू होते. बघ्यांना भाव ऐकू येतो. याच तासाभरात नातेसंबंध, उधारी, स्थलांतर, बाईच्या हातातला पैसा हे सगळं समोर घडत असतं. ते टिपायला मानवशास्त्राची पदवी लागत नाही. वही लागते आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी उभं राहण्याची तयारी.

प्रश्न लहान घ्या. ‘कोळी संस्कृतीतले बदल’ हा विषय कुणाच्याच वहीत मावत नाही, शिवाय तो सुरुवातीलाच चुकतो: कोकण किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर दालदी, खारवी, गाबीत, भंडारीही मासेमारीत आहेत. ‘आज ज्याने ढीग घेतला त्याने पैसे कधी दिले?’ हा प्रश्न महिनाभर पुरतो.

शनिवार-रविवार टाळा, पर्यटकांच्या गर्दीत रोजचा व्यवहार दिसत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा लिलाव नसला तरी जरूर जा. जाळी दुरुस्त करताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. कर्ज आणि उचल यांबद्दल माणसं तेव्हाच निवांत बोलतात.

पहिल्या दिवशी वही काढूच नका. मच्छीमार सोसायटीत आणि लिलाव चालवणाऱ्यांना आपण कोण, काय लिहिणार, ते कुठे जाणार हे साध्या मराठीत सांगा. हे टाळलंत तर तुम्हाला सरकारी माणूस समजतील आणि आकडे बदलून सांगतील. फोटो आणि रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी घ्या. एकाने दिलेली परवानगी सगळ्यांची नसते.

मग नकाशा काढा. ढीग कुठे, बोली लावणारा कुठे, व्यापारी कुठे, पाटी घेतलेल्या बायका कुठे, बर्फ कुठून येतो. तीन-चार वेळा तोच नकाशा काढला की जागा ठरलेल्या आहेत का ते कळतं. वहीच्या डाव्या पानावर फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं, उजव्या पानावर तुमचा अर्थ. ‘व्यापाऱ्याने दबाव आणला’ हे डावीकडे चालणार नाही. ‘दोनदा बोली झाल्यावर त्याने हात केला, पुढे कुणी बोललं नाही’ हे चालेल. एका तासाच्या पाहणीला दोन तास तरी लेखन लागतं आणि ते त्याच रात्री व्हायला हवं; झोपेनंतर क्रम विसरतो आणि अर्थ तेवढा उरतो.

‘असं का करता?’ विचारलं की ‘पूर्वीपासून चालत आलंय’ एवढंच उत्तर मिळतं. ‘मावशी, कालची पाटी कुणाकडून घेतली? पैसे दिले की मांडून ठेवले?’ असं विचारा. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने १९१५ ते १९१८ या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर मुक्काम करून दाखवलेला धडा इथे कामाला येतो: माणसं सांगतात तो नियम आणि करतात ते वर्तन, दोन्ही वेगवेगळं नोंदवायचं. ‘जास्त बोलीवाल्यालाच माल’ हा नियम झाला. कमी बोलीवर ढीग गेला, तर त्यामागे आधीची उचल आहे का, नातं आहे का, ते शोधा.

त्यासाठी वंशावळ काढा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. बोलणाऱ्यापासून सुरुवात करून आईवडील, भावंडं, मुलं अशी पुढे जा. फक्त वडिलांकडची बाजू भरणं ही हमखास होणारी चूक आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतीय नातेव्यवस्थेची विभागवार मांडणी केली. महाराष्ट्र त्यांनी मधल्या पट्ट्यात ठेवला, जिथे अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं. म्हणून नौकामालक आणि व्यापारी यांची आडनावं वेगळी असली तरी मामा-भाचे किंवा सासरा-जावई निघू शकतात. आईकडची बाजू भरल्याशिवाय हे दिसत नाही.

कालवणापुरती जी मासळी बोलीत येत नाही, तिची नोंद सोडू नका. ती कुणाला मिळते, कोण मागू शकतं, कुणाला न मागता दिली जाते, यावरून कोण कुणाचं आहे ते भावापेक्षा नेमकं कळतं.

जुनं तेच अस्सल आणि मोबाईल म्हणजे भेसळ, असं मानू नका. टोपलीजवळच्या क्यूआर कोडवर नाव कुणाचं आहे ते बघा. विकणारी बाई, पण खातं मुलाचं असेल, तर पूर्वी कनवटीला असलेल्या पैशावर आता कुणाचा हात, हा आजच्या घराबद्दलचा खराखुरा प्रश्न आहे. तो बाईला एकटीला विचारा, मुलासमोर नाही. तसंच रत्नागिरीकडच्या नौकांवर नेपाळी खलाशी असतात. ते कुठे जेवतात, कुठे झोपतात, गावच्या सणात त्यांना जागा आहे का, हे तांडेलाला, म्हणजे नौकेवरच्या प्रमुखाला, न विचारता त्यांच्याकडूनच ऐका.

एका बंदरावरून अख्ख्या कोकणाबद्दल लिहू नका. मालवणकडच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीत, ओढणाऱ्यांमध्ये वाटे पडतात. तिथली वाटणी हर्णैच्या लिलावाशी जुळेलच असं नाही. लिहून झाल्यावर नावं बदला, नौकेचा नंबर आणि नाव दोन्ही काढा आणि उधारीचे आकडे असे द्या की माणूस ओळखू येणार नाही. मग मसुदा बंदरावर नेऊन वाचून दाखवा. ‘हे असं नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते वाक्यही तारखेसह डाव्या पानावर लिहा.