दुसरा सर्व्हर लावला आणि निम्म्या पोरांना प्रश्नच दिसेना

नोकरीचं पहिलंच वर्ष. स्पर्धा परीक्षांच्या एका क्लाससाठी आम्ही लाइव्ह क्विझ केली होती: नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायला), सॉकेट डॉट आयओ (सर्व्हर आणि ब्राउझरमध्ये लगेच निरोप पोचवणारी लायब्ररी), एक सर्व्हर. झकास चालायची. पोरं वाढली म्हणून दुसरा इन्स्टन्स (त्याच प्रोग्रॅमची दुसरी चालू प्रत) उभा केला आणि त्याच संध्याकाळी सरांचा फोन, "अहो मॅडम, निम्म्या मुलांना प्रश्नच दिसत नाहीयेत."

कारण अगदी साधं होतं. सर ज्या सर्व्हरला जोडलेले, त्याचं एमिट, म्हणजे सगळ्यांना धाडलेला निरोप, फक्त त्याच प्रोसेसमधल्या सॉकेटांपर्यंत (जोडण्यांपर्यंत) जायचं. मध्ये रेडिस अडॅप्टर बसवला; रेडिस म्हणजे मेमरीत चालणारा डेटाबेस, तो सर्व्हरांमध्ये निरोपही फिरवतो. एकाने पब्लिश केलं की दुसऱ्याला कळतं. पाच-दहा ओळींचं काम.

मग ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ४०० नंबरच्या एरर (रिक्वेस्ट चुकीची) यायला लागल्या: 'सेशन आयडी अननोन'. सॉकेट डॉट आयओ सहसा आधी साध्या एचटीटीपी पोलिंगने (पुन्हा पुन्हा रिक्वेस्ट करून) जोडणी करतं, मग वेबसॉकेटवर (कायम उघड्या दुतर्फा जोडणीवर) जातं. पहिली रिक्वेस्ट एका सर्व्हरकडे आणि दुसरी भलत्याकडे गेली, तर तो विचारणारच, तू कोण? म्हणून स्टिकी सेशन हवं, म्हणजे एका पोराच्या सगळ्या रिक्वेस्ट एकाच सर्व्हरकडे. (थेट वेबसॉकेटच वापरलं तर त्याची गरज नाही, पण जिथे वेबसॉकेट अडवतात तिथली पोरं मुकतात.)

मी एनजिनएक्समध्ये (सर्व्हरांपुढे बसून रिक्वेस्ट वाटणारा प्रोग्रॅम) आयपी हॅश, म्हणजे आयपी पत्त्यावरून सर्व्हर ठरवणं, लिहून मोकळी झाले. ऑफिसात टेस्टिंग सुरळीत. असणारच! आम्ही सगळे एकाच वायफायवर, म्हणजे बाहेरून एकच आयपी, म्हणजे एकच सर्व्हर. दुसरा माश्या मारत बसलेला. शिवाय आयपीव्ही४ मध्ये हा हॅश पत्त्याचे पहिले तीनच भाग बघतो. प्रत्यक्षात तर पोरं पेठांतल्या अभ्यासिकांत बसलेली, अख्खी खोली एका राउटरवर. एका सर्व्हरचा सीपीयू तापलेला, दुसरा थंडगार. शेवटी एचएप्रॉक्सी (असाच दुसरा वाटप करणारा प्रोग्रॅम) आणून ब्राउझरमधल्या कुकीवरून वाटणी केली.

नवीन असाल तर हे सगळं लॅपटॉपवरच करून बघा. तीन पोर्टांवर तीन इन्स्टन्स, पुढे राउंड रॉबिन (पाळीपाळीने वाटप), शेजारी शेजारी दोन टॅब. अर्ध्या तासात माझे दोन आठवडे भोगून होतील. आणि क्विझ चालू असताना एका इन्स्टन्सवर कंट्रोल-सी दाबून तो बंद कराच. रेडिसचं पब-सब (एकाने पब्लिश करायचं, बाकीच्यांनी ऐकायचं) मेसेज साठवून ठेवत नाही. त्या क्षणी जोडलेला नव्हता त्याचा प्रश्न गेला तो गेलाच. आमचा क्लायंट आता परत जोडला गेला की शेवटच्या प्रश्नाचा क्रमांक सांगतो आणि पुढचे प्रश्न डेटाबेसमधून घेतो.