किराणा ब्रँडची किंमत ठरवताना गिऱ्हाईकाला नेमकं काय विचारायचं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, "या पॅकचे किती द्याल?" असं थेट विचारायचंच नाही. समोरचा माणूस एकतर घासाघीस केल्यासारखा कमी आकडा सांगतो किंवा चांगलं दिसावं म्हणून जास्त सांगतो, आणि दुकानात हात भलत्याच पॅककडे जातो. त्यात लोकांना किमती आठवतही नाहीत फारशा. डिक्सन आणि सॉयर या दोघांचा १९९० चा अभ्यास आहे, सुपरमार्केटमध्ये वस्तू ट्रॉलीत टाकल्या टाकल्या विचारलं तरी निम्म्याहून कमी लोकांना अचूक किंमत सांगता आली.

प्रॉडक्ट एकदम नवीन असेल तर व्हॅन वेस्टेनडॉर्पची पद्धत (१९७६) घ्या. चार प्रश्न असतात, कोणत्या किमतीला हे इतकं स्वस्त वाटेल की क्वालिटीवरच शंका येईल, कुठे परवडणारं वाटेल, कुठे महाग पण तरी घेण्याचा विचार कराल, आणि कुठे नकोच म्हणाल. उत्तरांचे चार ग्राफ एकमेकांना छेदतात त्यातून एक पट्टा मिळतो. पट्टाच हं, किंमत नाही, कारण यात शेजारी ठेवलेला दुसरा ब्रँड कुठेच नसतो.

बाजारात आधीपासून असलेल्या ब्रँडसाठी मला कॉन्जॉइंट, म्हणजे वेगवेगळे पर्याय समोर ठेवून निवडायला लावणारा सर्व्हे, सगळ्यात भरवशाचा वाटतो. स्क्रीनवर दुकानातल्यासारखं शेल्फ दाखवायचं, तुमचे पॅक, स्पर्धकांचे पॅक, दुकानाचा स्वतःचा ब्रँड, सगळ्यांच्या किमती दर स्क्रीनला बदलायच्या आणि फक्त एवढंच विचारायचं की यातलं काय उचलाल. "यातलं काहीच नाही" हा पर्याय ठेवाच, तो नसला की लोक बळजबरीने काहीतरी निवडतात आणि मागणी आहे त्याहून फुगलेली दिसते. पॅक साइजही बदलून बघा, किंमत वाढली की बरेच जण ब्रँड न सोडता छोट्या पॅकवर येतात, हे आधी कळलं तर मोठं नुकसान टळतं.

सॅम्पलमध्ये, म्हणजे ज्यांना विचारायचं त्यांच्यात, त्या प्रकारची वस्तू कुठल्याही ब्रँडची का होईना, नुकतीच विकत घेतलेले लोकच हवेत. तुमचा ब्रँड नेहमी घेणारे, अधूनमधून घेणारे आणि कधीच न घेणारे, तिघांचे आकडे वेगळे काढा, सरासरी काढली की सगळं झाकलं जातं.

मग हिशोब. समजा किंमत १०० आणि त्यात मार्जिन, म्हणजे एका पॅकमागे खर्च जाऊन उरणारे पैसे, २५. किंमत ५ ने वाढवली तर मार्जिन ३० होतं, म्हणजे विक्री साधारण १७ टक्क्यांपर्यंत घसरली तरी नफा तेवढाच राहतो. उलट ५ ने कमी केली तर तेवढ्याच नफ्यासाठी विक्री २५ टक्के वाढायला लागते! रिसर्चमधून आलेला घसरणीचा अंदाज या आकड्याशेजारी ठेवून मगच मीटिंगला बसा.

शेवटी सगळीकडे एकदम किंमत बदलू नका. काही दुकानांत नवी किंमत लावा, तशाच दुसऱ्या दुकानांत जुनी ठेवा, ऑफर चालू असलेले आठवडे मोजू नका कारण तेव्हा लोक साठा करतात आणि पुढचे आठवडे रिकामे जातात. पहिल्या खरेदीपेक्षा तोच माणूस परत घेतोय का ते बघा, त्यासाठी दोन-तीन खरेदीचक्रं जाऊ द्यावी लागतात, त्याआधी बॉसने कितीही घाई केली तरी आकडा फायनल करू नका.